चलान छोटे, हिशेब मोठा

जुम्याची नमाज आटोपून मंडळी मशिदीबाहेर आली की अलीकडे शहापुरात काय आणि मुरबाडात काय, एक विषय हमखास निघतो: मोबाइलवर आलेले चलान. कुणी आसनगाव स्टेशनची लोकल गाठून देण्याच्या घाईत हेल्मेट घरीच विसरलेला असतो. कुणाची गाडी नाशिक महामार्गावर वेगासाठी कॅमेऱ्यात टिपलेली असते. कुणी कल्याणच्या बाजारात भलत्याच जागी गाडी उभी केलेली असते. त्याच महिन्यात विम्याच्या नूतनीकरणाचा आकडा येतो, तोही गेल्या वर्षीपेक्षा मोठा. मग दोन्हींची सांगड घातली जाते, "चलान झाले, म्हणूनच हप्ता वाढला."

हे खरे आहे का? थोडक्यात सांगायचे तर सरळ वाटेने नाही, पण आडवाटेने बऱ्याचदा होय.

विमा नियामक संस्थेच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, एका कार्यगटाने जानेवारी 2021 मध्ये अशी शिफारस केली होती खरी. वाहतुकीचा नियम मोडणाऱ्याकडून विम्याच्या वेळी वेगळा 'उल्लंघन हप्ता' घ्यावा, दारू पिऊन गाडी चालवल्यास 100 गुण आणि चुकीच्या पार्किंगला 10 गुण धरावेत, आणि सुरुवात दिल्ली परिसरातून करावी, असे त्यात होते. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. थर्ड पार्टी विम्याचा दर तर सरकारच ठरवते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 1000 ते 1500 सीसीच्या खाजगी मोटारीला 3,416 रुपये आणि 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला 714 रुपये होते; जीएसटी वेगळा. दहा चलाने झालेल्यालाही तोच दर आणि एकही न झालेल्यालाही तोच.

मग हप्ता वाढतो कुठे? स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जो भाग आपण भरतो, तिथे. ज्या घाईने चलान होते, त्याच घाईने गाडी घासते. बंपरला तडा जातो आणि आपण लगेच म्हणतो, "विमा आहे ना, क्लेम टाका." इथे थांबून हिशेब करायला हवा.

क्लेम न करणाऱ्याला दर वर्षी सवलत मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. ती 20, 25, 35, 45 अशी चढत 50 टक्क्यांपर्यंत जाते आणि एका क्लेमने शून्यावर येते. समजा, आपला या भागाचा मूळ हप्ता 8,000 रुपये आहे आणि सवलत 50 टक्के. बंपरचे बिल झाले 6,000 रुपये. त्यात 4,000 प्लास्टिकच्या भागाचे आणि 2,000 मजुरीचे. प्लास्टिकच्या भागावर घसारा म्हणून निम्मी रक्कम वजा होते, शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या मोटारीला 1,000 रुपये मालकाने सोसायचे असतात. म्हणजे हाती आले 3,000. आता पुढची पाच वर्षे पाहा. मूळ हप्ता तोच धरला तर पहिल्या वर्षी 4,000 रुपये जास्त, मग 2,400, 2,000, 1,200 आणि 400. एकूण 10,000 रुपये. तीन हजारांसाठी दहा हजार! छोटे काम गॅरेजवाल्याकडून पदरच्या पैशांनी करून घ्यावे आणि विमा मोठ्या संकटासाठी राखून ठेवावा.

सवलत जाण्याची दुसरी वाट म्हणजे विसर. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की जमवलेला बोनस जातो. तिसरी वाट त्याहून वाईट आहे. कंपनी बदलताना मागचा क्लेम लपवून बोनस मागणे. उघडकीला आले तर ऐन गरजेच्या वेळी आपल्या गाडीची भरपाई नाकारली जाते. आणि ते उघडकीला आले नाही, तरी खोटे बोलून मिळवलेली सवलत आपल्या घरात हलाल कशी होईल?

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण गाठायचे, सरळगाव-किन्हवलीच्या बाजूला जायचे, म्हशाच्या जत्रेला किंवा लग्नाला जायचे, तर ईको आणि जीपचाच आधार. कितीतरी घरांत पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी घेऊन चार पैसे मिळावेत म्हणून भाडी मारली जातात. गरज खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण खाजगी गाडीची पॉलिसी भाड्याच्या वापरासाठी नसते. त्या फेरीत अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते आणि सारा भार मालकावर येतो. भाडी मारायचीच असतील तर परवाना, पिवळी पाटी आणि त्यासाठीचा विमा घेऊनच मारावीत. खर्च वाढतो, पण रात्री झोप लागते.

तसेच मुलांचे. दहावीतल्या मुलाच्या हाती बाइकची किल्ली देणे हे लाड नव्हेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात अशा वेळी पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. परवाना नसलेल्याने अपघात केला तर पीडिताला भरपाई देऊन कंपनी तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाचा 2004 चा स्वर्णसिंग खटल्यातील निकाल याच वाटेचा आहे.

हप्ता महागला म्हणून काही जण विमाच सोडून देतात. विम्याशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी 2,000 आणि पुन्हा सापडल्यास 4,000 रुपये दंड आहे, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण दंड ही त्यातली लहान गोष्ट आहे. शेतावरून परतणारी एखादी कातकरी बाई किंवा शाळेतून येणारे लेकरू आपल्या गाडीखाली आले, तर त्या घराला भरपाई देणार कोण? विमा नसेल तर आपण. आपल्याकडे नसेल तर कुणीच नाही. थर्ड पार्टी विमा आपल्या गाडीसाठी नसून समोरच्याच्या जिवासाठी आहे. नमाज-रोजा हा अल्लाहचा हक्क, पण हा बंद्याचा हक्क आहे, आणि तो ज्याचा त्याने माफ केल्याशिवाय सुटत नाही. रस्त्यातली त्रासाची वस्तू बाजूला करणे हाही ईमानचा भाग, असे पैगंबरांनी (स.) शिकवले. मग आपणच रस्त्यातला त्रास होऊन कसे चालेल?

विम्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, व्याज आणि अनिश्चिततेमुळे अनेकांनी हरकत घेतली आहे. तरी कायद्याने सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याला सक्तीमुळे अनेक उलेमांनी मुभा दिली आहे. पूर्ण विम्याबद्दल शंका असेल तर भरवशाच्या आलिमांना विचारावे. मात्र ती शंका पुढे करून सक्तीचा विमाही टाळू नये.

घरात एवढे करता येईल. एका वहीत गाडीचा नंबर, पॉलिसी संपण्याची तारीख, लायसन्सची मुदत आणि बोनसचा टक्का लिहून ठेवा. ही वही घरातल्या बाईच्या ताब्यात असली तर उत्तम, तारखा तिच्या लक्षात राहतात. चलानाचा मेसेज आला की महाट्रॅफिक ॲपवर फोटो पाहा. चूक आपली असेल तर भरून टाका, नसेल तर तिथेच तक्रार नोंदवा. नूतनीकरणाआधी दोन-तीन कंपन्यांचे दर विचारा. आणि घरातून निघताना पाच मिनिटे आधी निघा. चलानही वाचते, बंपरही वाचतो, आणि अल्लाहने चाहिले तर कुणाचे घरही.