पट्टा न बांधणाऱ्यासाठी केलेली तजवीज

१९८९ च्या फेब्रुवारी महिन्यात शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदा कंपनीने मियाटा नावाची दोन आसनांची, उघडझाप करता येणाऱ्या टपाची आणि वजनाने एक टनाहूनही कमी अशी जी स्पोर्ट्‌स कार मांडली, तिने ब्रिटिश रोडस्टर गाड्यांच्या अस्तानंतर ओस पडलेली जागा इतक्या सहजतेने व्यापली की, २०१६ साली तिच्या कुळातील दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. पहिल्या पिढीच्या या गाड्यांना आता पस्तीसच्या आसपास वर्षे झाली आहेत. त्या जतन करणाऱ्या अमेरिकन मालकांपुढे जो प्रश्न वारंवार उभा राहतो तो असा की, स्टिअरिंगच्या मध्यभागी बसविलेली जाडजूड एअरबॅग तशीच ठेवावी, की ती काढून तेथे जुन्या इटालियन घडणीचे सडपातळ स्टिअरिंग बसवावे? कोणास गाडी शर्यतीच्या मार्गावर न्यावयाची असते, कोणास ते अवजड चक्र डोळ्यांना सहन होत नाही, कोणास तोंडासमोर असलेल्या जुन्या स्फोटक द्रव्याचे भय वाटते. आणि यांपैकी एकही कारण अगदीच हसण्यावारी नेण्यासारखे नाही. प्रत्यक्ष माझदानेच जपानात व ब्रिटनमध्ये विकलेल्या आरंभीच्या गाड्यांत एअरबॅग नव्हती. जपानी बाजारासाठी काढलेल्या एका खास आवृत्तीस तर नार्दी या इटालियन कंपनीचे लाकडी स्टिअरिंग कारखान्यातूनच बसवून मिळत असे. मग तीच गाडी अमेरिकेच्या बंदरात उतरताना एअरबॅग घेऊन का उतरली?

याचे उत्तर अभियांत्रिकीपेक्षा अमेरिकेच्या कायदेकानूंत अधिक सापडते. सीटबेल्ट तेथील प्रत्येक गाडीत होते. पण १९८४ च्या सुमारास ते बांधणारे चालक सातांत एक, एवढेच होते, आणि जो पट्टा बांधला जात नाही त्याची मजबुती कितीही असली तरी तिचा उपयोग शून्यच. लोकांवर सक्ती करणे राजकीयदृष्ट्या अवघड, म्हणून जबाबदारी उतारूच्या हातून काढून कारखानदाराच्या शिरावर टाकावी, म्हणजे माणसाने स्वतः काहीही न करता त्याचे रक्षण होईल अशी योजना गाडीतच असावी, असा विचार तेथील सरकारी खात्यात दीर्घकाळ घोळत होता. जनरल मोटर्सने १९७४ ते १९७६ या काळात दहा हजारांच्या आसपास गाड्या एअरबॅगसह विकूनही पाहिल्या, पण गिऱ्हाईक फिरकले नाही. पुढे रेगन सरकारने यासंबंधीचा हुकूम रद्द केला, तो रद्द करणे मनमानीचे आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दिला, आणि अखेर १९८४ मध्ये वाहतूकमंत्री एलिझाबेथ डोल यांनी असा तोडगा काढला की, १ सप्टेंबर १९८९ पासून निघणाऱ्या प्रत्येक मोटारीत आपोआप आवळला जाणारा पट्टा किंवा एअरबॅग यांपैकी काहीतरी असलेच पाहिजे. उघड्या टपाच्या चिमुकल्या गाडीत आपोआप सरकणारा पट्टा अडकवायचा कोठे? एअरबॅगेवाचून गत्यंतर नव्हते. चालकाच्या बाजूस एअरबॅग बसविणाऱ्या कारखानदारास शेजारच्या आसनापुरती १ सप्टेंबर १९९३ पर्यंत मुदत मिळाली होती, आणि मियाटात दुसरी एअरबॅग १९९४ च्या नमुन्यातच अवतरली, यात योगायोगाचा भाग मुळीच नाही.

या हुकमाबरोबर जी परीक्षा नेमण्यात आली होती, तिच्यात पुढच्या साऱ्या वादाचे मूळ आहे. ताशी ४८ किलोमीटर वेगाने गाडी अभेद्य भिंतीवर आदळावयाची, आत मध्यम बांध्याच्या पुरुषाएवढा पुतळा बसवावयाचा, आणि त्या पुतळ्यास पट्टा बांधावयाचा नाही. भिंतीशी गाठ पडताच गाडी चुरगळत थांबते. परंतु आतील पुतळ्यास ती थांबल्याची वार्ताच नसते, तो सेकंदाला तेरा मीटर या आपल्या मूळ वेगाने पुढे येत राहतो. त्याची छाती चक्रावर आदळण्यापूर्वी एअरबॅग पूर्ण फुगलेली असली पाहिजे, इतकेच नव्हे तर सबंध देहाचा आवेग तिने एकटीने झेलला पाहिजे. साहजिकच ती मोठी, वेगवान आणि दणकट झाली. सीटबेल्ट बांधण्याची सवय अंगवळणी पडलेल्या युरोपात जी एअरबॅग केवळ पट्ट्याची साहाय्यक म्हणून कल्पिली गेली, तीच अमेरिकेत पट्टा न बांधणाऱ्याची एकमेव त्रात्री म्हणून घडविली गेली. जुन्या अमेरिकन गाडीतील एअरबॅगेविषयी बोलताना ही गोष्ट नजरेआड केली, तर सारी चर्चा भरकटते.

एअरबॅगेच्या पोटात काय असते, हेही पाहिले पाहिजे. १९९० च्या सुमाराच्या एअरबॅगेत फुग्याप्रमाणे दाबून भरलेली हवा नव्हती. तेथे सोडियम अझाइड या पांढऱ्या घन पदार्थाच्या गोळ्या धातूच्या डबीत बंद करून ठेविलेल्या असत. गाडीच्या पुढील भागातील संवेदक आणि आत बसविलेला राखणदार संवेदक या दोघांनी एकाच वेळी ग्वाही दिली, तरच विजेचा प्रवाह ठिणगी देणाऱ्या बारीक तारेपर्यंत पोहोचे. त्या काळातील पुष्कळ गाड्यांत हा संवेदक म्हणजे ॲलन ब्रीड या अमेरिकन संशोधकाच्या कल्पनेतून उतरलेले एक अत्यंत साधे यंत्र होते: नळीत एक पोलादी गोळी, तिला मागे खेचून धरणारे लोहचुंबक, आणि पुढच्या टोकास विजेचे दोन स्पर्शबिंदू. खड्ड्याने किंवा करकचून दाबलेल्या ब्रेकने ती गोळी चुंबकाची पकड सोडीत नाही. भिंतीशी टक्कर झाली म्हणजे सोडते. तारेची ठिणगी मिळताच अझाइडचे विघटन होऊन सोडियम आणि नायट्रोजन वेगळे होतात. रसायनशास्त्राचा हिशेब असा की, ६५ ग्रॅम अझाइडपासून नेहमीच्या तापमानास मोजल्यास ३६ लिटरांच्या आसपास नायट्रोजन निर्माण होतो, म्हणजे ओंजळीत मावणाऱ्या पदार्थातून मोठी घागर भरून उरेल इतका वायू! मागे राहणारे सोडियम हे स्वतः दाहक, म्हणून त्यास गिळून टाकण्यासाठी पोटॅशियम नायट्रेट आणि सिलिका यांची योजना असते व अखेरीस काचेसारखा निरुपद्रवी अवशेष उरतो. हा सगळा प्रकार सुमारे तीस मिलिसेकंदांत आटोपतो. सामान्य समजूत अशी की, एअरबॅग म्हणजे संकटसमयी पुढे येणारी मऊ उशी. पण फुगत असताना ती मुळीच मऊ नसते, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने ती बाहेर झेपावते. तिची मृदुता त्यानंतरची. मागील बाजूस ठेविलेल्या छिद्रांतून वायू निसटू लागतो आणि निसटता निसटता शरीराचा वेग शोषून घेतो, तेव्हाच ती रक्षक ठरते. त्या पहिल्या काही क्षणांत जो चक्राला चिकटून बसलेला असेल, त्याच्या वाट्यास रक्षण येण्याऐवजी प्रहार येतो.

तसे प्रहार झालेही. अमेरिकेतील रस्तेसुरक्षा खात्याच्या अंदाजानुसार १९९० ते २००८ या अवधीत मंद वेगाच्या अपघातांत केवळ एअरबॅग फुगल्यामुळे २९० हून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्य मृत्यू १९९८ पूर्वी बनलेल्या गाड्यांतील होते, आणि मृतांपैकी बहुतेकांनी पट्टा बांधलेला नव्हता किंवा तो नीट बांधलेला नव्हता. म्हणजे ज्या बेफिकीर इसमासाठी ही तजवीज मुद्दाम केली, तोच तिच्या तडाख्यात सापडला. आणि त्याहून दुःखाची गोष्ट ही की, त्यांत पुढच्या आसनावर बसविलेली लहान मुले पुष्कळ होती. दुसऱ्या पारड्यात त्याच खात्याचा दुसरा अंदाज ठेवला पाहिजे: १९८७ ते २०१७ या तीस वर्षांत समोरच्या एअरबॅगांनी पन्नास हजारांहून अधिक प्राण वाचविले. हे दोन आकडे एकत्र वाचणाऱ्यास एअरबॅग सरसकट उपटून टाकण्याचा मोह होणार नाही, हे खरे. पण तीविषयी शंका घेणारा प्रत्येक मालक अडाणी आहे असेही म्हणवणार नाही.

सरकारनेही तसे म्हटले नाही. १९९५ मध्ये मागे आसन नसलेल्या गाड्यांपुरती अशी मुभा देण्यात आली की, कारखानदाराने शेजारच्या एअरबॅगेस किल्लीने बंद करता येणारे बटण बसवावे आणि ती बंद असल्याचा दिवा डॅशबोर्डवर ठेवावा. कारण दोन आसनांच्या गाडीत तान्ह्या मुलास मागे बसविण्याचा उपदेश करून काय उपयोग? १९९७ च्या मार्चमध्ये पट्टा न बांधलेल्या पुतळ्याची ती कठोर परीक्षा शिथिल करून एअरबॅगांचा जोर वीस ते पस्तीस टक्क्यांनी उतरविण्यास वाट मोकळी केली गेली, आणि १९९८ च्या जानेवारीपासून जुन्या गाड्यांच्या मालकांना बंद-चालू करण्याचे बटण बसवून घेण्यासाठी रीतसर अर्ज करता येऊ लागला. मंजुरी मिळण्यास चारच सबबी ग्राह्य होत्या: पाळण्यासारख्या उलट्या आसनात बसविलेले तान्हे मूल, पुढेच बसविणे भाग असलेले बारा वर्षांपर्यंतचे मूल, छाती व स्टिअरिंग यांत पंचवीस सेंटिमीटर अंतर राखता न येणारा चालक, आणि विशिष्ट शारीरिक व्याधी. स्टिअरिंग कुरूप दिसते ही सबब त्या यादीत नव्हती. तथापि कायद्याच्या रचनेत एक चमत्कारिक फट राहिलीच. सुरक्षेची योजना निकामी करण्यास केंद्रीय कायद्याने मज्जाव केला आहे तो कारखानदारास, विक्रेत्यास आणि दुरुस्ती करणाऱ्या धंदेवाईकास. स्वतःची गाडी स्वतःच्या हाताने उकलणाऱ्या मालकास त्या कलमाची बाधा नाही, राज्याचा कायदा आड आला तर गोष्ट वेगळी. याचा विपरीत परिणाम असा की, जे काम जाणत्या कारागिराने करावयाचे, ते घरच्या गॅरेजात हौशी मालकाच्या हातून होते.

शर्यतीच्या गाड्यांत एअरबॅग काढून टाकतात, हा युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो व तो खोटा नाही. पण तेथे एअरबॅगेच्या जागी काय येते हे सांगावयाचे राहून जाते. खांदे, कंबर आणि जांघा यांना जखडणारा पाच-सहा टोकांचा पट्टा, शरीराला बगलेत घेणारे ताठ आसन, डोक्यावर शिरस्त्राण, भोवती पोलादी पिंजरा, आणि मान पुढे हिसकली जाऊ नये म्हणून शिरस्त्राणास खांद्यांशी बांधून ठेवणारे हान्स नावाचे उपकरण, एवढा सरंजाम असला म्हणजे छाती चक्रापर्यंत पोहोचतच नाही, आणि मग तेथे एअरबॅग निरर्थक, किंबहुना अडथळा ठरते. या सरंजामातील एखादेच अंग उचलून बाकीची सोडून देणे, हा या विषयातील सर्वांत घातक प्रकार होय. खांदे घट्ट बांधले आणि मानेस आधार दिला नाही, तर धड थांबते व डोके पुढे जाते, आणि कवटीच्या तळाशी होणारा अस्थिभंग अनेक नामांकित शर्यतपटूंचा काळ ठरला आहे. जांघेतील पट्टा वगळला, तर कंबरेचा पट्टा पोटावर सरकतो. पिंजऱ्यावाचून देह ताठ बांधला, तर उघड्या टपाची गाडी उलटताच झुकण्यासही वाव उरत नाही. याच्या उलट टोकास असतो तो मालक, जो साधा तीन टोकांचा पट्टा कायम ठेवतो, एअरबॅग काढतो आणि तिच्या जागी कठीण कण्याचे देखणे स्टिअरिंग बसवून रोजच्या रस्त्यावर हिंडतो. समोरासमोरच्या जोरदार टकरीत तीन टोकांचा पट्टा धडास आवरतो, डोक्यास पुरतेपणी आवरत नाही. ते त्या स्टिअरिंगवर येऊन पडते. शिवाय १९९० नंतरच्या दशकात असे पट्टे निघाले की, छातीवर अतिरिक्त दाब येऊ नये म्हणून ते ठराविक ताणानंतर थोडे सैल सुटतात, आणि ते सैल सुटतात ते पुढे एअरबॅग वाट पाहत आहे या हिशेबावर. माझ्या मते एअरबॅग काढणे हा अपराध नव्हे. तिला एकटी काढणे हा आहे.

जुन्या झालेल्या एअरबॅगेच्या भयाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण अलीकडील तकाता प्रकरणाने त्या भयास खतपाणी मिळाले आहे. तकाताच्या ज्या एअरबॅगांनी धातूचे तुकडे फेकून माणसे मारली, आणि ज्यांपायी भारतातही होंडासारख्या कंपन्यांना गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्यांत अमोनियम नायट्रेट होते. हा पदार्थ दमटपणा शोषून घेतो, आणि सुमारे ३२ अंश तापमानास त्याच्या स्फटिकांची रचना पालटते. त्यास स्थिर ठेवण्यासाठी उपाय योजलेले असले तरी वर्षानुवर्षे ऊन व दमट हवा यांचा मारा झाल्यावर त्याच्या वड्यांचा भुगा होतो. भुग्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून तो एकदम पेटतो आणि डबीच फुटते. अझाइडची जात निराळी. १९९० ची मियाटा आणि तकाताची कुप्रसिद्ध डबी यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरीही जुन्या अझाइडची एअरबॅग हाताळणे हा पोरखेळ नाही. बॅटरीची तार सोडविल्यावरही ठिणगीपुरती वीज साठवून ठेवण्याची योजना नियंत्रक पेटीत केलेली असते, म्हणून कंपनीच्या पुस्तकात सांगितलेला अवधी जाऊ दिल्यावाचून एअरबॅगेच्या तारांच्या पिवळ्या जोडांना हात लावावयाचा नसतो. साध्या मीटरने तारेचा रोध मोजू पाहणाऱ्याच्या मीटरमधील अल्प प्रवाहही ठिणगी पाडू शकतो, आणि सुटी केलेली एअरबॅग टेबलावर पालथी ठेवणाऱ्याने ती फुटल्यास सबंध वस्तू छताकडे उडेल याची तयारी ठेवावी. डबी फोडून आतील अझाइड काढणे तर सर्वस्वी वर्ज्य. ते जवळजवळ सायनाइडइतकेच विषारी असून आम्लाशी संयोग झाल्यास त्यातून घातक वाफ निघते. अशी डबी भंगारवाल्याच्या काट्यावर लोखंडाच्या भावाने घालणे म्हणजे आपले संकट दुसऱ्या अजाण माणसाच्या पदरी बांधणे होय.

एअरबॅग निघाली की डॅशबोर्डवरील तांबडा दिवा तक्रार करू लागतो, आणि त्याचे तोंड बंद करण्याच्या युक्त्या पुष्कळ आहेत: कोणी एअरबॅगेच्या जागी सुमारे दोन ओहमांचा रोधक बसवून नियंत्रकास ती जाग्यावर असल्याचा खोटा दाखला देतो, कोणी दिव्याचा बल्बच काढून घेतो. ज्याने ते केले त्यास निदान ठाऊक असते. गाडी मात्र पुढे तीन-चार हातांतून फिरते आणि त्या फिरतीबरोबर ही माहिती गळून पडते. म्हणून जुनी स्पोर्ट्‌स कार विकत घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्यापूर्वी किल्ली एक टप्पा फिरवून एअरबॅगेचा दिवा पाहावा. तो काही सेकंद पेटून विझला, तर यंत्रणेने स्वतःची तपासणी पार पाडली असा अर्थ, जरी रोधकाची लबाडी त्यातूनही निसटू शकते. पेटलेला राहिला किंवा लुकलुकू लागला तर दोष आहे. आणि मुळी पेटलाच नाही, तर सौदा तहकूब ठेवून स्टिअरिंगचे मधले झाकण जाणत्या कारागिराकडून उघडवून घ्यावे.