जुन्या शिकारी सुऱ्यांचा संग्रह

जुन्या शिकारी सुऱ्यांचा संग्रह म्हणजे शिकार व मासेमारीसाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या, पाते न मिटणाऱ्या सुऱ्या आणि त्यांची म्याने जमवणे, त्यांचा काळ ठरवणे व त्यांचे जतन करणे. घडीच्या चाकूत पाते मुठीत मिटते. अशा सुरीचे पाते मात्र मुठीत कायमचे बसवलेले असते, त्यामुळे तिला म्यान आवश्यक ठरते. सुरी आणि तिचे मूळ म्यान ही जोडी एकत्र असेल, तरच संग्राहक त्या वस्तूला पूर्ण मानतात.

== पार्श्वभूमी ==
१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत ब्रिटिशांच्या कारभाराखाली दिला. एलिचपूर (सध्याचे अचलपूर) येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, तर चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण म्हणून विकसित झाले. मेळघाट, गाविलगड आणि नरनाळ्याच्या परिसरातील जंगलांत वाघ, बिबट्या, अस्वल, सांबर व रानडुक्कर यांचा आढळ होता. लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांत शिकार ही प्रतिष्ठेची करमणूक मानली जाई. तिच्यासाठी बंदुकीबरोबर एक भक्कम सुरी कमरेला असे. तिचा मुख्य उपयोग लढण्यासाठी नसून मेलेल्या जनावराचे कातडे सोलण्यासाठी व मांस कापण्यासाठी होता.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले. १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशातील पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. त्यानंतर या सुऱ्यांचा मूळ उपयोग संपला. काही माळ्यावर पडून राहिल्या, काही भंगारात गेल्या, तर काही संग्रहांत आल्या.

== प्रकार व निर्माते ==
भारतात आढळणाऱ्या जुन्या शिकारी सुऱ्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात.

* '''आयात सुऱ्या''' : इंग्लंडमधील शेफील्ड हे सुरी-कात्रीच्या उद्योगाचे मोठे केंद्र होते. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या तेथील कारखान्याच्या पात्यांवर तारा व माल्टीज क्रॉस ही चिन्हे आढळतात.
* '''भारतीय निर्मात्यांच्या सुऱ्या''' : ‘बोदराज, औरंगाबाद’ असा ठसा असलेले डुकराच्या शिकारीचे भाले व सुऱ्या संग्राहकांना परिचित आहेत. दक्षिणेत सेलम येथील अरुणाचलम या कारागिराची शिकारी हत्यारे प्रसिद्ध होती.
* '''गावठी सुऱ्या''' : स्थानिक लोहार व फिरस्ते घिसाडी यांनी घडवलेल्या या सुऱ्यांवर सहसा कोणतेही नाव नसते.

मासेमारीच्या सुऱ्यांची परंपरा वेगळी आहे. महाराष्ट्रात मासळी प्रामुख्याने विळीवर किंवा कोयत्याने कापली जाते, त्यामुळे पातळ व लवचीक पात्याची मासे सोलण्याची सुरी येथे परकीय वस्तू म्हणूनच आढळते. फिनलंडमधील मार्टिनी या कारखान्याच्या सुऱ्या या प्रकारात जगभर ओळखल्या जातात. हा कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला.

== मूठ आणि सांबरशिंग ==
शिकारी सुरीची मूठ लाकूड, हाड, म्हशीचे शिंग किंवा सांबरशिंग यांपासून बनवली जाई. सांबरशिंग घट्ट असते आणि त्याचा पृष्ठभाग नैसर्गिकरीत्या खडबडीत असल्याने ओल्या हातातून मूठ निसटत नाही. या गुणांमुळे भारतातील सांबरशिंग शेफील्ड व जर्मनीतील झोलिंगेन येथील कारखान्यांना पुरवले जात असे. त्यामुळे परदेशी ठसा असलेल्या सुरीची मूठ मुळात भारतीय जंगलातून गेलेली असू शकते.

== म्यान ==
साधे म्यान चामड्याचे असते. महाराष्ट्रात चामडे कमावण्यासाठी बाभळीच्या सालीचा उपयोग होत असे. पात्याच्या धारेने टाके कापले जाऊ नयेत म्हणून म्यानाच्या कडेला चामड्याची जादा पट्टी घातली जाते. उंची म्यानांच्या तोंडाशी व टोकाशी पितळ किंवा चांदी बसवलेली असते. म्यान लवकर झिजत असल्याने जुन्या सुरीला नंतरचे म्यान असणे सामान्य आहे. पाते म्यानात नेमके बसते का आणि आतील झीज पात्याच्या आकाराशी जुळते का, यावरून जोडी मूळची आहे की नाही हे तपासता येते.

== काळ ठरवणे ==
ठसा व साहित्य ही काळ ठरवण्याची मुख्य साधने आहेत. ‘व्ही. आर.’ ही अक्षरे व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीकडे (१८३७–१९०१) निर्देश करतात. अमेरिकेने १८९० मध्ये आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले. त्यामुळे ‘इंग्लंड’ असा ठसा बहुधा त्यानंतरचा असतो. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी गंजरोधक पोलाद १९१३ मध्ये तयार केले, म्हणून ते वापरलेली सुरी एकोणिसाव्या शतकातील असू शकत नाही. बॅकेलाइटची मूठ १९०७ पूर्वीची नसते. बनावट वस्तूंवर आम्लाने कृत्रिम गंज चढवलेला असतो. तो सर्वत्र सारखा दिसतो, तर खरी झीज हाताळणीच्या जागी अधिक असते.

== जतन ==
सुरी दीर्घकाळ म्यानात ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक होय. चामडे हवेतील ओलावा शोषते व कमावण्यातील आम्ले धरून ठेवते, परिणामी पाते आतून गंजते. पितळी भागांवर हिरवट थर चढतो. वऱ्हाडातील कडक उन्हाळ्यात चामडे वाळून तडकते आणि पावसाळ्यात त्याला बुरशी लागते. म्हणून सुरी व म्यान शेजारी, पण वेगवेगळी ठेवून दोन्हींना एकच क्रमांक देतात. पात्यावर खनिज तेलाचा किंवा मेणाचा पातळ थर पुरेसा असतो. पॉलिश कागदाने घासल्यास गंजाबरोबर ठसा व शिकलगाराच्या धारेच्या खुणाही नाहीशा होतात, आणि ते नुकसान भरून काढता येत नाही.

== कायदेशीर बाजू ==
शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या धारदार शस्त्रांच्या वर्गात मोडतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठीच्या सुऱ्या त्यातून वगळलेल्या आहेत. अशा शस्त्रांच्या निर्मितीस व विक्रीस परवाना लागतो, तर अधिसूचित क्षेत्रांत ती बाळगण्यासही परवाना आवश्यक असतो.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष व कलानिधी कायदा, १९७२ नुसार पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगीरीत्या निर्यात करता येत नाही. हस्तिदंताचा व्यापार भारतात बंद आहे. सांबर हाही संरक्षित प्राणी असून त्याचे गळून पडलेले शिंगसुद्धा अभयारण्यातून उचलता येत नाही. मालकी प्रमाणपत्र असलेली प्राणिजन्य वस्तू वारसाने मिळू शकते, पण विकता येत नाही.

== सामाजिक संदर्भ ==
एकाच प्रकारच्या हत्याराकडे समाजाने एकसारखे पाहिले नाही. अधिकाऱ्याची सुरी शौर्याची आठवण म्हणून दिवाणखान्यात लागली. याउलट शिकारीवर उपजीविका करणाऱ्या पारधी समाजातील काही गटांवर गुन्हेगार जमाती कायदा लावण्यात आला. १८७१ पासूनचा हा कायदा देशभरात १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशय लगेच संपला नाही. परिणामी ठसा असलेल्या सुऱ्यांची माहिती ग्रंथांत सापडते, पण गावठी सुरी कोणी घडवली व कोणी वापरली याची नोंद क्वचितच मिळते. अशी सुरी मिळाल्यास गाव, वापर आणि स्थानिक नाव लगेच लिहून ठेवणे महत्त्वाचे असते.

== संग्रहालये ==
नागपूर येथील मध्यवर्ती संग्रहालयात (‘अजब बंगला’, स्थापना १८६३) शस्त्रांचे दालन आहे. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी उभारलेल्या पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रांबरोबर अडकित्ते व इतर घरगुती वस्तूही आहेत. नित्य वापराच्या वस्तूंनाही संग्रहमूल्य असते, हे या संग्रहावरून दिसते.

== हेही पाहा ==
* मेळघाट व्याघ्र प्रकल्प
* नरनाळा
* कट्यार
* वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२