विमानास डोंगर कसा दिसतो?

ढगांत शिरलेल्या विमानाच्या वैमानिकास पुढचा डोंगर कसा कळतो, अशी शंका प्रवाशाच्या मनांत येणें साहजिक आहे. त्यासाठीं १९६०-७० या दशकाच्या अखेरीस डॉन बेटमन या अभियंत्यानें एक इशारा-यंत्र सिद्ध केलें. विमानाच्या पोटांतून खालीं रेडिओ-लहरी सोडावयाच्या, त्या परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून उंची मोजावयाची, आणि जमीन फार वेगानें जवळ येऊं लागली कीं ‘वर घ्या’ असें वैमानिकास बोलून सांगावयाचें, ही त्याची रीत. १९७४ सालीं अमेरिकेनें मोठ्या प्रवासी जेट विमानांस तें सक्तीचें केलें.

परंतु हें यंत्र केवळ पायाखालचें पाही. २० डिसेंबर १९९५ च्या रात्रीं कोलंबियांतील काली शहराकडे उतरणारें बोइंग ७५७ विमान वाट चुकून डोंगराकडे वळलें. इशारा झाला तेव्हां सुमारें १२ सेकंद उरले होते. वैमानिकांनीं विमान वर उचललें, पण पंखांवरील वेगरोधक उघडेच राहिले. १६३ पैकीं १५९ जण मृत्यु पावले.

त्यानंतर प्रचारांत आलेल्या यंत्रांत भूप्रदेशाचा नकाशाच सांठविलेला असतो. विमानाचें स्थान त्याशीं ताडून पुढील डोंगराची सूचना जवळजवळ एक मिनिट आधीं मिळते. काली येथें वैमानिकांस जो अवधि लाभला नाहीं, तो आतां मिळूं शकतो.