वाटे न होणारी संख्या

उन्हाळा लागला की एटापल्लीच्या जंगलात तेंदूपाने तोडायची धांदल उडते. पुडक्यात ७० पाने बांधतात. ही पाने दोघांत, पाच जणांत, सात जणांत किंवा दहा जणांत सारखी वाटता येतात. पण त्यात एक पान जास्त टाका आणि मग वाटे करून बघा. ७१ पाने एकाला सगळी द्या, नाहीतर ७१ जणांना एकेक द्या. तिसरी वाट नाही. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात.

आता पोरांना पाटीवर नुसते एक लिहायला सांगा. ११ ही मूळ संख्या. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१. असे लिहीत गेले तर एकदम एकोणीस एक झाल्यावर पुन्हा मूळ संख्या लागते. त्यानंतर तेवीस एकांची, आणि मग थेट ३१७ एकांची!

यात एक खूण आहे. सहा एकांचे तीन-तीनचे दोन गट पडतात, म्हणून १११ ने त्या संख्येला पूर्ण भाग जातो. एकांचेच सारखे गट पडले, तर ती संख्या मूळ नसते. गट न पडले, तरी ती मूळ असेलच असे नाही. तीन आणि पाच एकांचे वर पाहिलेच.

एकांच्या या संख्यांचा नाद दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना होता. जन्म १९०५ साली डहाणूचा, नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरची. ११ ला ११ ने गुणले की १२१, १११ ला १११ ने गुणले की १२३२१. अशा संख्यांना त्यांनी डोंबिवलीच्या जुन्या नावावरून ‘डेमलो संख्या’ म्हटले. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कामावर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. त्यांची हत्यारे म्हणजे कागद, पेन्सिल आणि चिकाटी.

२०२४ साली संगणकांनी शोधलेली एक मूळ संख्या तर ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० आकडी आहे. एवढी मोठी व्यवहारात लागत नाही. मात्र तीनशे-तीनशे आकडी दोन मूळ संख्यांचा गुणाकार बँकेच्या संगणकाचे कुलूप होतो. गुणाकार क्षणात होतो. पण त्यातून मूळच्या दोन संख्या शोधायला आजच्या संगणकांना माणसाचे आयुष्य पुरणार नाही.

म्हणून मंडळी, कुलूप पक्के आहे. पण फोनवर कोणी गोड बोलून मोबाईलवर आलेला आकडा विचारला आणि आपण तो सांगितला, तर हंगामाची मजुरी गेलीच म्हणून समजा. तो आकडा कोणालाच सांगू नका.