सातबाऱ्यावरची वर्तुळं

जमिनीत पैसे गुंतवायचे म्हटलं की माणूस आधी रस्ता बघतो, मग पाणी, मग भाव. त्याच्याही आधी 15 रुपये खर्च करावेत. तेवढ्यात डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, आणि तो नीट वाचता आला तर शेत बोलायला लागतं!

गावदप्तरातला नमुना 7 आणि नमुना 12 मिळून हा उतारा होतो. सातात जमीन कुणाची ते, बारात तिच्यात काय पिकलं ते. नावांशेजारी छोटी वर्तुळं दिसतात, आत आकडे. नवखा खरेदीदार त्यांच्यावरून नजर पुढे नेतो, आणि खरा खजिना तिथेच असतो. तो आकडा म्हणजे फेरफाराचा, हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा क्रमांक. खरेदी, वाटणी, वारस, काहीही घडलं की त्याची नोंद नमुना 6 मध्ये होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच नवं नाव सातबाऱ्यावर चढतं. आकडा हाती धरून तो फेरफार काढा, त्यातून त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा. कोण कधी वारलं, मागे कोण राहिलं, सोसायटीच्या कर्जाचा बोजा कधी उतरला, सगळं सापडत जातं. एखाद्या बहिणीचं नाव वारसनोंदीत आहे आणि पुढच्या वाटणीत ते हक्कसोडपत्राशिवायच नाहीसं झालंय, असं दिसलं तर तिथेच थांबा. उद्याचा दावा त्या दोन नोंदींच्या मधे बसलेला असतो. एका कुटुंबाच्या तीन-चार पिढ्या सरकारी भाषेतल्या चार ओळींत मावलेल्या बघून मी दर वेळी थक्क होतो.

या सगळ्याचं मूळ फार जुनं. 1836 च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात शेतवार मोजणी आणि आकारणी बसवली. मोजणीची साखळी 33 फुटांची, म्हणून गुंठा 33 बाय 33, म्हणजे 1,089 चौरस फूट. असे 40 झाले की एकर. आज उताऱ्यावर हेक्टर-आर असतं, पण बाजारात सौदा अजून गुंठ्यावरच होतो.

‘भोगवटादार वर्ग 2’ लिहिलेलं असेल तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ‘इतर अधिकार’ या रकान्यात कूळ, कर्ज, न्यायालयाचा मनाई हुकूम लपलेला असू शकतो. आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 परवानगीविना शेतजमीन घेऊ देत नाही, मग भाव कितीही चांगला असो.

इतकं सांगणारा हा कागद मालकी मात्र सिद्ध करत नाही. महसुली नोंदी मुख्यतः शेतसाऱ्यासाठी आहेत, त्यांनी मालकीहक्क मिळत नाही, असं न्यायालयांनी वारंवार म्हटलंय. हक्क ठरतो नोंदणीकृत खरेदीखतावरून आणि त्यामागच्या दस्तांच्या साखळीवरून. म्हणून इसार देण्याआधी वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, आणि वर्तुळातला प्रत्येक फेरफार त्याच्यासोबत ताडून बघा. विकणारा घाई करत असेल, तर अधिकच सावकाश.