एआय फुकट शिकवतंय, मग तुमच्या क्लासची फी कोण भरणार?

सोलापुरात क्लास काढायचा विचार करताय? मग आधी एमएस-सीआयटीकडे बघा.

2001 मध्ये राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने एमकेसीएल ही कंपनी उभी केली. विवेक सावंत यांनी ती बरीच वर्षं चालवली. गावोगावी स्वतःच्या इमारती बांधत बसण्यापेक्षा स्थानिक कॉम्प्युटर क्लासवाल्यांनाच केंद्रं दिली. अभ्यासक्रम कंपनीचा, परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाची. जागा, वीजबिल आणि ॲडमिशन आणणं केंद्रचालकाकडे. धडा स्क्रीनवरच, म्हणजे शिकवण्याचा बराच भाग तेव्हाच मशीनकडे गेला होता! तरी लोक फी भरून यायचे. सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागायचं, हे खरंच. पण पहिल्यांदा माउस धरताना शेजारी कुणीतरी लागतंच की.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि नोट्स फुकट झाल्या. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटच्या बी.कॉम.च्या पोराला आता जीएसटीचं उत्तर मोबाईलवर मिळतं. ते चुकीचं असलं तरी एआय तेवढ्याच ठामपणे सांगतो. तुमची जागा इथेच आहे. चादरीच्या दुकानाचं बिल समोर ठेवा. टॅक्स आधी एआयला काढू द्या, मग पोराला हाताने काढायला लावा. फरक आला तर कुठे आला, हे त्यानेच शोधायचं. कॉलेजात साठ जणांच्या वर्गात एवढा वेळ कोण देणार? या तासाची फी मागायला मला तरी संकोच वाटत नाही.

नुसत्या नोट्सच विकायच्या असतील, तर गाळ्याचं डिपॉझिट भरू नका.