न्यायासनापुढील मौन
(नभोवाणीवरील भाषण)

‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. परंतु आज जगांत अशीं कांहीं न्यायालयें आहेत कीं, व्यसनापायीं गुन्ह्यांत सांपडलेल्या माणसानें त्यांची पायरी पुन्हां पुन्हां चढावी आणि अखेर व्यसनमुक्त होऊनच ती उतरावी, असें तेथील न्यायाधीशांनाच वाटत असतें. या न्यायालयांविषयीं, आणि तेथें काम करणाऱ्यांना जी एक अवघड विद्या शिकावी लागते तिच्याविषयीं, आज मी आपणांस सांगणार आहें.

अशा न्यायालयाचा आरंभ १९८९ सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत, मायामी येथें झाला. कोकेनच्या व्यसनानें तेथें त्या काळीं कहर केला होता. व्यसनी माणूस पकडला जाई, शिक्षा भोगून सुटे, आणि थोड्याच दिवसांनीं त्याच न्यायासनापुढें पुन्हां उभा राही. केवळ कोंडून ठेवल्यानें व्यसन सुटत नाहीं, हें ध्यानीं आल्यावर निराळा मार्ग काढण्यांत आला. आरोपीची संमति असेल तर त्याला तुरुंगाऐवजीं उपचारास पाठवावयाचें. उपचार चालू असतां त्यानें ठराविक दिवसांनीं न्यायाधीशापुढें यावयाचें. लघवीची तपासणी वरचेवर करावयाची. नियम पाळले तर भर न्यायालयांत टाळ्या वाजवून त्याचें कौतुक करावयाचें, मोडले तर लहानमोठी शिक्षा द्यावयाची, आणि सारेच उपाय थकले तर मात्र तुरुंग. वकील, पोलीस, समुपदेशक आणि न्यायाधीश हे येथें एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसतात; एकत्र बसून ते एका माणसाचा विचार करतात. हा प्रयोग पुढें अनेक देशांत पसरला.

योजना उत्तमच आहे. परंतु तिचा सारा भार एका नाजुक गोष्टीवर आहे. ती म्हणजे, एका माणसानें दुसऱ्याचें मन बरोबर ओळखणें. समजा, एक तरुण न्यायासनापुढें उभा आहे. न्यायाधीश विचारतात, “गेल्या आठवड्यांत काय झालें?” तो खालीं मान घालतो. पुन्हां विचारलें तरी उत्तर नाहीं. बाजूला बसलेला अधिकारी आपल्या कागदावर लिहितो : ‘असहकार. उपचाराविषयीं अनास्था.’ असे दोनतीन शेरे सांठले कीं तुरुंगाचें दार उघडतें. पण त्या मौनाचा अर्थ खरोखर तोच होता काय? आपल्याच घरांतील उदाहरण घ्या. आजोबा रागावले असतां नातू त्यांच्या डोळ्यांला डोळा भिडवूं लागला तर आपण त्याला उद्धट म्हणतों. खालीं मान घालून उभा राहिला तर म्हणतों, पोराला मर्यादा आहे. एकच मौन, एका समाजांत तो आदर, दुसऱ्यांत तो अपराध!

ही शंका केवळ कल्पनेंतील नाहीं. अमेरिकेंतील या न्यायालयांच्या राष्ट्रीय संघटनेलाच २०१० सालीं असा ठराव करावा लागला कीं, अल्पसंख्य वंशांच्या लोकांना या न्यायालयांत इतरांइतकाच प्रवेश मिळतो काय आणि ते इतरांइतकेच टिकतात काय, याकडे प्रत्येक न्यायालयानें लक्ष द्यावें. २०१३ सालीं त्या संघटनेनें प्रसिद्ध केलेल्या नियमावलींत तें एक स्वतंत्र कलमच झालें. दार सर्वांना सारखेंच उघडें असून आंत गेलेल्यांपैकीं एका समाजाचे लोक अधिक गळत असतील, तर दोष त्या लोकांत शोधण्यापूर्वीं तो घराच्या बांधणींत शोधला पाहिजे, हा त्यांतील विचार होय.

घराची बांधणी कशी बदलतां येते, हें पाहावयाचें तर न्यूझीलंडकडे वळलें पाहिजे. तेथील मूळचे रहिवासी माओरी. देशाच्या लोकसंख्येंत ते सुमारें एकषष्ठांश आहेत. पण तुरुंगांत पाहावें तों निम्म्याहून अधिक कैदी माओरी! ही गोष्ट समजण्यासाठीं थोडें मागें जाणें अवश्य आहे. युरोपीय लोक येण्यापूर्वीं माओरी समाजाला मद्य ठाऊकच नव्हतें. व्हेल माशांची शिकार करणाऱ्या गोऱ्या दर्यावर्दींबरोबर तें आलें, तेव्हां माओरींनीं त्याला ‘वायपिरो’ असें नांव दिलें. त्याचा अर्थ दुर्गंधी पाणी! पुढें याच दुर्गंधी पाण्याच्या उधारीवर जमिनी गेल्या. १८६७ च्या कायद्यानें माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी आली, आणि मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना छडी खावी लागे. १९०७ च्या एका कायद्यानें त्यांच्या परंपरागत वैद्यांच्या विद्येवर बंदी आली. ती १९६२ पर्यंत टिकली. ज्या समाजाची जमीन, भाषा आणि वैद्यक हीं तिन्हीं हिरावलीं गेलीं, त्या समाजांतील मुलगा सरकारी दवाखान्यांत किंवा न्यायालयांत आला, तर तो विश्वासानें येईल अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?

मेसन ड्यूरी या माओरी मनोविकारतज्ज्ञानें १९८४ सालीं आरोग्याची एक साधी प्रतिमा मांडली. तिचें नांव ‘ते फारे तापा फा’, म्हणजे चार भिंतींचें घर. शरीर ही एक भिंत, मन ही दुसरी, कुटुंब ही तिसरी आणि आत्मबल ही चौथी. एक भिंत खचली कीं सारें घर कलतें. हा विचार व्यसनमुक्तीस लावून पाहा. पाश्चात्य समुपदेशक रोग्याला सांगतो, “तूं हें स्वतःसाठीं सोड.” पण जो मनुष्य स्वतःला आपल्या कुळापासून निराळा मानीतच नाहीं, त्याला त्या ‘स्वतः’चा अर्थ काय लागणार? त्याच्या आईबापांना, भावंडांना आणि वडीलधाऱ्यांना दाराबाहेर बसवून आंत उपचार करणें म्हणजे एक भिंत पाडून घर दुरुस्त करण्यासारखें आहे.

२०१२ च्या नोव्हेंबरांत ऑक्लंड आणि वायटाकेरे येथें मद्य व मादक द्रव्यें यांच्या व्यसनींसाठीं उपचार-न्यायालयें सुरू झालीं. ज्यांना तुरुंगवास अटळ आहे अशांनाच तेथें घेतात. न्यायालयाला माओरी नांव मिळालें तें असें : ‘ते फारे फाकापिकी वायरुआ’, म्हणजे आत्म्याला वर उचलणारें घर. न्यायाधीशांच्या मंडळांत ‘पोउ ओरांगा’ या नांवाचा एक अधिकारी बसतो. ‘पोउ’ म्हणजे खांब आणि ‘ओरांगा’ म्हणजे आरोग्य. माओरी रीतिरिवाज आणि व्यसनमुक्ति या दोन्हींचा तो जाणता असतो. आपण वर्णिलेला तो खालीं मान घातलेला तरुण समोर आला, तर मंडळाला तो सांगूं शकतो कीं, ही अनास्था नसेल. ही ‘फाकामा’ असेल. फाकामा म्हणजे अशी लाज कीं जिच्या भारानें माणूस आंतल्या आंत आक्रसतो आणि त्याची वाचाच बंद होते. अशा माणसावर प्रश्नांचा भडिमार केल्यास तो अधिकच मिटतो. त्याला वेळ द्यावा, जवळचें माणूस शेजारीं बसवावें, मग तो बोलतो.

माओरी माणसाची स्वतःची ओळख करून देण्याचीहि एक रीत आहे. तो प्रथम आपला पर्वत सांगतो, आपली नदी सांगतो, ज्या होडींतून पूर्वज समुद्र ओलांडून आले ती होडी सांगतो, आणि मग स्वतःचें नांव. ज्याला वर्षानुवर्षें केवळ खटल्याच्या क्रमांकानें ओळखलें गेलें, तो जेव्हां प्रथमच उभा राहून आपला पर्वत आणि आपली नदी यांचीं नांवें घेतो, तेव्हां चवथी भिंत पुन्हां उभी राहूं लागते. कार्यक्रम पुरा करणाऱ्याचा निरोप-समारंभ होतो, त्यांत हाका या त्यांच्या आवेशपूर्ण सांघिक नृत्याचा घोष न्यायालयांतच घुमतो.

कर्मचाऱ्यांनाहि बारीकसारीक गोष्टी शिकाव्या लागतात. माओरींत मस्तक पवित्र मानतात. म्हणून परवानगीवांचून कोणाच्या डोक्याला हात लावावयाचा नाहीं. जेथें अन्न ठेवतात त्या मेजावर बसावयाचें नाहीं. लघवीचा किंवा रक्ताचा नमुना खाद्यपदार्थांजवळ ठेवावयाचा नाहीं. सोवळेंओवळें पाहिलेल्या आपल्या आजीला यांतील एकहि गोष्ट नवलाची वाटणार नाहीं! पण ज्या उपचारांत तपासणीचे नमुने वरचेवर द्यावे लागतात, तेथें एवढ्याशा बेपर्वाईनेंहि माणूस दुखावतो आणि पुन्हां येत नाहीं. व न येणें म्हणजे तुरुंग.

येथें कोणी म्हणेल, मग काय, रीतिरिवाजांची एक यादी करून ती कर्मचाऱ्यांकडून पाठ करून घ्यावी, परीक्षा घ्यावी, आणि प्रमाणपत्र द्यावें! आरंभीं पुष्कळांना तसेंच वाटलें. परंतु या समजुतीला न्यूझीलंडमधील एका परिचारिकेनें धक्का दिला. तिचें नांव इरिहापेटी रॅम्सडेन. १९८८ सालीं क्राइस्टचर्च येथील एका सभेंत एका माओरी विद्यार्थिनीनें विचारलें कीं, रोग्याच्या शरीराची सुरक्षितता, कायद्याची सुरक्षितता, या साऱ्यांची तुम्ही चर्चा करतां. मग संस्कृतीच्या सुरक्षिततेचें काय? रॅम्सडेनबाईंनीं हा प्रश्न उचलून धरला आणि त्याचें शास्त्र बनविलें. १९९२ सालीं परिचारिकांच्या शिक्षणक्रमांत त्याचा अधिकृत समावेश झाला. त्यावर वृत्तपत्रांतून टीकेचें काहूर उठलें. पण बाई ढळल्या नाहींत.

त्यांचें म्हणणें दोन वाक्यांत सांगतां येईल. दुसऱ्याची संस्कृति पाठ करण्याआधीं स्वतःकडे पाहा. आपल्या हातीं केवढी सत्ता आहे आणि आपण कोणते पूर्वग्रह घेऊन आलों आहों, हें ओळखा. आणि दुसरें, आपली वागणूक योग्य होती कीं नाहीं याचा निवाडा आपण करावयाचा नाहीं. तो ज्याची सेवा केली त्यानें करावयाचा. जेवण चांगलें झालें कीं नाहीं हें आचाऱ्यानें ठरवावयाचें नसतें, पंक्तींतल्या पाहुण्यानें ठरवावयाचें असतें. तसेंच हें आहे. मला वाटतें, या साऱ्या विषयाचें मर्म येथेंच आहे. न्यायालयांत सारे निवाडे वरून खालीं येतात. हा एकच निवाडा असा आहे कीं, तो खालून वर गेला पाहिजे.

यादीच्या मार्गांत दुसराहि एक धोका आहे. आज न्यायालयांत येणारे अनेक माओरी तरुण शहरांत वाढलेले असतात. कित्येकांना आपली भाषा येत नाहीं, आपल्या कुळाचा पत्ता ठाऊक नसतो. अशाला ‘तूं माओरी, तेव्हां तुझा पर्वत सांग’ असें म्हटलें, तर त्याची लाज दुणावते. म्हणून प्रत्येकाला विचारलें पाहिजे कीं, बाबा, तुला काय आधाराचें वाटतें? अमेरिकेंतील मेलनी टर्व्हेलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टर स्त्रियांनीं १९९८ सालीं ‘सांस्कृतिक नम्रता’ असा शब्द सुचविला, तो याच अर्थानें. ही विद्या कधीं पुरी होत नाहीं. जन्मभर विद्यार्थीच राहावें लागतें.

यामुळें शिस्त ढिली होते, असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. तपासण्या होतातच, खोटें पकडलें जातें, शिक्षाहि होते. मान देणें म्हणजे मोकळीक देणें नव्हे. पहिल्या दोनएक वर्षांत या लोकांकडून पुन्हां गुन्हा घडण्याचें प्रमाण तशाच इतर आरोपींहून कमी आढळलें. पुढें हा फरक अरुंद होत जातो, हेंहि सांगितलें पाहिजे. कार्यक्रम संपल्यावरचा आधार अजून तोकडा पडतो, एवढाच त्याचा अर्थ. तरी २०१९ सालीं तेथील सरकारनें हीं दोन्हीं न्यायालयें कायम केलीं आणि २०२१ सालीं हॅमिल्टन येथें तिसरें उघडलें.

आपल्या देशांत अशीं स्वतंत्र न्यायालयें नाहींत. परंतु १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यांत ६४-अ हें कलम आहे. अल्प प्रमाणांतील द्रव्याबद्दल आरोप असलेला व्यसनी स्वखुषीनें मान्यताप्राप्त रुग्णालयांत जाऊन उपचार पुरा करील, तर त्याच्यावर खटला चालत नाहीं. म्हणजे दार आपल्याकडेहि आहे. आंत स्वागत कसें होतें, हाच प्रश्न आहे. त्याचें एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत मिळालें आहे. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं ‘सर्च’ ही संस्था काढली. रुग्णालय कसें असावें, असें त्यांनीं गोंड लोकांनाच विचारलें. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीचें आम्हांला भय वाटतें. पांढरें वस्त्र आम्ही प्रेताला घालतों, तें नेसलेलीं माणसें आम्हांला जगविणार कशीं? आणि रोग्याजवळ आमच्या माणसांना राहूं द्या. म्हणून तेथें गोंडांच्या घरांसारखीं झोंपडीवजा घरें उभीं राहिलीं, आणि रुग्णालयाला नांव मिळालें तें त्यांच्या दंतेश्वरी देवीचें. त्याच जिल्ह्यांत लोकांच्या चळवळीनें १९९३ सालीं दारूबंदी आली. देवकार्यांत मोहाची दारू वाहणाऱ्या समाजापुढें दारूविरुद्ध बोलावयाचें, तर देवापुढचा थेंब आणि संसार बुडविणारा पेला यांतील भेद जाणणाऱ्यानेंच बोललें पाहिजे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं फार थोडे न्यायाधीश किंवा समुपदेशक असतील. परंतु व्यसनानें ग्रासलेला एखादा आप्त, शेजारी किंवा नोकर कधीं ना कधीं प्रत्येकाच्या उंबऱ्याशीं येऊन उभा राहतो. तेव्हां आपणहि न्यायासनावरच बसलेले असतों. त्यानें खालीं मान घातली, तर लगेच शेरा लिहूं नका. थोडें थांबा, शेजारीं बसा, आणि विचारा. त्या मौनांत निगरगट्टपणा आहे कीं लाज आहे, हें तोच आपल्याला सांगेल. मात्र आपण ऐकण्याच्या तयारींत आहों, अशी त्याची खात्री पटली पाहिजे.